ऑइल काढायचं भांडं

गाडीचं जुनं ऑइल काढायचं भांडं कसं असावं, या विषयावर मी बोलायला लागले की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात. परवा सुनेनं मोबाइलवर असली भांडी काढून दाखवली. काळ्या प्लास्टिकची, चोचीची, झाकणाची, एकाला तर चाकंसुद्धा. "आई, यातलं कुठलं मागवू?" म्हणाली. मी चष्मा लावून सगळी बघितली आणि सांगितलं, उथळ बघ, तोंड मोठं बघ, आणि आत गेलेला हात सुखरूप बाहेर येतो का ते बघ. ती म्हणाली, हात कशाला घालायचाय त्यात? मी म्हटलं, बस, सांगते. पण कुकरची शिट्टी झाली आणि ती गेली. ऐकायला कुणी बसत नाही, म्हणून लिहायला बसले आहे, आणि लिहितानाही दोनदा उठून झालं आहे.

आमचं घर होटगी रस्त्याला होतं. तेव्हा सोलापूर तिथं संपायचं. पुढं शहाबादी फरशीचं मोठं अंगण, त्याच्या एका अंगाला अव्वाची उन्हाळ्यातली चूल आणि दुसऱ्या अंगाला लिंबाखाली अप्पांची जीप. अव्वा म्हणजे आई आणि अप्पा म्हणजे वडील. आमच्याकडे असंच म्हणतात. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड चालायचं आणि राग आला की अव्वा पूर्ण कन्नडवर जायची. मागच्या गल्लीत तेलुगू मंडळींचे माग होते. त्यांची खटखट सकाळी सुरू झाली की मला अंथरुणात पडवायचं नाही आणि दुपारी बंद पडली की त्या शांततेनं बसवायचं नाही. माझी बारावी झाली होती. पुढं काय, यावर घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणजे माझ्यामागं बोलत असावेत. मी दिवसातून तीनदा अंगण झाडायची. रस्त्यानं जाणारी गाडी कुठली, तिचा कुठला गिअर पडला, हे घरात बसून आवाजावरून सांगायची. अव्वा म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. खरंच होतं ते. आतून सारखं काहीतरी ढोसत असायचं आणि जायला जागा नव्हती.

अप्पा सोलापूर ते अक्कलकोट सीटं, म्हणजे प्रवासी, न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाडं. त्या वर्षी त्यांच्या मणक्यात गॅप पडला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही आणि गाडीला तर हातच लावायचा नाही, असं बजावलं. माझा दादा पुण्याला कंपनीत होता. त्याचं पत्र आलं की गाडी विकून टाका, उभी गाडी गंजते. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण ते पत्र अप्पांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि वाचून झाल्यावर घडी घालून स्वतःच्या मांडीखाली ठेवलं. दोन दिवसांनी केम गावच्या नामदेवतात्यांना निरोप गेला. एका वऱ्हाडात त्यांची ओळख झालेली, त्यांना जीप हवी होती. येत्या रविवारी ते गाडी बघायला येणार होते.

त्या रात्री जेवताना मी म्हणून टाकलं, "अप्पा, गाडी विकू नका. मी चालवते." अव्वाचा हात भाकरीवरच थांबला. अप्पांनी चटणीत दही कालवलं, घास खाल्ला, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "चालवनं लांबची गोष्ट. आदी गाडी राखता याया पायजे. ऑइल काढशील?"

"काढीन."

"एकटी? म्या हात लावनार न्हाय. वाकताच येत न्हाय मला."

"एकटी."

"मग तात्या यायच्या आदी जुनं ऑइल काढून, नवं घालून, गाडी चालू करून दाखीव. फरशीवर थेंब पडता कामा न्हाय, अव्वाचं सगळं वाळवन त्या फरशीवर असतंय. जमलं तर ठिवायची का इकायची, त्यावर बोलू."

बोलू म्हणाले होते, ठेवू म्हणाले नव्हते. पण मला तेवढं पुरलं. अव्वानं मात्र तव्यावरची भाकरी उलटत एवढंच विचारलं, "आन लिंग?"

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, बायकांच्याही. मोठ्या सुपारीएवढी चांदीची डबी, तिला करडगी म्हणतात, तिच्यात लिंग आणि ती डबी शिवदाऱ्यात ओवून छातीवर. हा दोरा जन्मापासून अंगावर. लिंग अंगावेगळं झालं तर ते परत अंगावर येईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, इतकं ते कडक. अव्वाची हरकत पोरीनं गाडीखाली जाण्याला नव्हती, लोक काय म्हणतील यालाही फारशी नव्हती. ती म्हणाली, "लोळत काम करनार तू. लिंगाला काय झालं तर गाडीचं नाव काडायचं न्हाय परत. सांगून ठिवते." अप्पा मान खाली घालून जेवत होते. ते स्वतः गाडीखाली शिरताना डबी खांद्यावरून पाठीवर टाकायचे, हे मी बघितलेलं होतं. मीही तसंच करीन म्हणाले.

आता भांडं. अप्पांचं ऑइलचं घमेलं दादानं मागच्या दाराची पायरी बांधताना सिमेंट कालवायला घेतलं होतं आणि ते धुवायला विसरला होता, त्यामुळं त्याचा दगड झाला होता. अव्वानं स्वयंपाकघरातलं एकही भांडं द्यायला साफ नकार दिला. एकदा काळं तेल पडलं की ते भांडं आपल्यातून गेलं, असं तिचं म्हणणं. म्हणून तीन दिवस मी शेजारीपाजारी भांडी मागत फिरले. एक घमेलं मिळालं, पण त्याचं बूड गोल आणि फरशीवर ते डुलायचं. प्लास्टिकचा टब आणला तर अप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "गरम काडावं लागतंय ऑइल, न्हायतर गाळ खालीच ऱ्हातो. ह्यो टब लोळागोळा हुईल." गवळ्याकडून टायरच्या रबराचं पसरट टोपलं आणलं, ज्यात म्हशीला पेंड घालतात. ते मला फार आवडलं. बुटकं, भक्कम, हलत नाही. त्यात मापून सहा लिटर पाणी ओतलं, कारण इंजिनात तेवढंच ऑइल बसायचं, आणि उचलायला गेले तर ते मधोमध वाकलं आणि सगळं पाणी माझ्या पायावर. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "भांडं नुसतं भरायपुरतं बगायचं नसतंय, पोरी. भरल्यावर उचलायचंय कुनाला ते बगायचं."

हे वाक्य मी पुढं पुष्कळांना ऐकवलं आहे, त्यांनी मागितलेलं नसताना.

मग मला युक्ती सुचली. करडईच्या तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा रिकामा डबा घरात होता. तो आडवा केला आणि वरच्या रुंद बाजूला छिन्नीनं बशीएवढं भोक पाडलं. कडा बाहेर ठेवल्या तर हात कापेल, म्हणून त्यांचे दात हातोडीनं ठोकून आत वळवले. डब्याचं मूळचं लहान तोंड कोपऱ्यात होतंच, ते बूच लावून बंद केलं; ओतताना तेवढं उघडायचं. बंद डबा असल्यामुळं शिंतोडे उडणार नव्हते. आमच्याकडे चैत्रात वारा सुटला की अंगणात धूळच धूळ, तीही आत जाणार नव्हती. शिवाय वरची कडी धरली की एका हातानं उचलता येणार. दोन विटांवर तो आडवा ठेवला की भोक चेंबरच्या नटाखाली चार बोटांवर यायचं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळची पेटी, तिच्यात ऑइल असतं. अप्पांनी काठीनं डबा फिरवून बघितला आणि म्हणाले, "डोस्कं हाय की पोरीला." त्या एका वाक्यावर मी दोन दिवस जमिनीच्या वर चालत होते. आता तसली बंद भांडी दुकानात मिळतात, सुनेच्या मोबाइलमध्ये दोन होती. मी ती बघून नुसती मान हलवली.

रविवारी पहाटेच उठले. दादाची जुनी पँट आणि शर्ट घातला. अव्वानं वरपासून खालपर्यंत बघितलं. न्याहारीला कडक भाकरी कुस्करून तिच्यावर ताक आणि शेंगाची चटणी, हे माझं सगळ्यात आवडतं, पण दोन घासांवर गेलं नाही. अप्पा अंगणात खुर्ची टाकून, कमरेला पट्टा बांधून बसले. मी गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच धडधडत ठेवली. मग बंद केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, पोतं अंथरलं आणि पाना घेऊन उताणी आत शिरले. डबी पाठीवर टाकली होती. पण उताणं झोपल्यावर ती पाठीखाली रुतायला लागली. मी ती ओढून गळ्याच्या बाजूला घेतली. ही माझी चूक. अप्पांनी कधीच तसं केलं नव्हतं; ते डबी पाठीवर टाकायचे आणि सदऱ्यावरून उपरण्यानं घट्ट आवळायचे. ते आवळणं मी बघितलं नव्हतं.

नट हलेना. दोन्ही पाय मागच्या दगडाला लावून पाना ओढला तेव्हा कुठं करकरला. मग हातानं फिरवत आणला. शेवटचा आटा सुटला आणि गरम ऑइलची धार तिरपी उडून माझ्या मनगटावर आली. मी हात झटकला, पण नट सोडला नाही, मूठ घट्ट आवळली. दुसऱ्या हातातला पाना त्याच झटक्यात शिवदाऱ्यात अडकला. मानेला चटका बसल्यासारखं झालं. आणि डब्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला, डुबुक असा, जड आणि लहान. मला वाटलं नट पडला. मग लक्षात आलं की नट माझ्या मुठीत आहे.

"काय पडलं गं?" अप्पांनी विचारलं.

"नट," मी म्हणाले.

"पडू दे. पयल्या बारीला समद्यांचाच पडतोय."

मी तशीच पडून राहिले. धार माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर डब्यात पडत होती, आधी जाड, मग करंगळीएवढी, मग थेंब थेंब. गळ्याला हात लावून बघितला. दोरा नव्हता. मला इतकी भीती आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही. पण खोटं सांगत नाही, भीतीबरोबर दुसरीकडे हिशेबही चालू होता. आता सांगितलं तर अव्वाचा शब्द आहे, गाडीचं नाव काढायचं नाही. दुपारी तात्या येणार आणि गाडी केमला जाणार. नाही सांगितलं तर ऑइल गार झाल्यावर बूच काढून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, मागं गुपचूप डबा कापायचा, डबी काढायची, धुवायची आणि गळ्यात घालायची. कुणाला कळणार आहे? मी भोकातून बोटं घालून चाचपलं. ऑइल पोळत होतं आणि मीच हौसेनं आत वळवलेले पत्र्याचे दात मनगटाला टोचत होते. हात आत गेला असता, बाहेर येताना सोलून निघाला असता. उंदराच्या पिंजऱ्यासारखं भोक करून ठेवलं होतं मी.

मुठीतला नट मी पुसून जागेवर बसवला, आवळला, बाहेर आले. "बसला," म्हणाले. अप्पांनी नुसतं हुं केलं. वरून नरसाळं लावून नवं ऑइल घातलं, दांडी काढून पातळी बघितली, गाडी चालू केली. खाली वाकून बघितलं, चेंबर कोरडं ठणठणीत. फरशीवर एक थेंब नव्हता. अंगणातल्या अंगणात जिंकले होते मी आणि मला रडू येत होतं.

ऊन चढलं होतं. अव्वानं पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला. मी उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. मी काही देवभोळी नव्हते. शाळेत असताना उपासाच्या दिवशी बाहेर भजी खाल्लेली होती. पण त्या वेळी तो घोट घेववेना. थोड्या वेळानं तिनं ताक आणलं. मी म्हणाले, नंतर घेते, हात काळे आहेत. सोलापूरचं चैत्राचं ऊन, तासभर गाडीखाली लोळलेलं अंग आणि जीभ टाळूला चिकटलेली. मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. पाने पुसले, परत पुसले, पोतं झटकलं. मागांची खटखट त्या दिवशी मला माझ्याच छातीतली वाटत होती.

आणि सिद्राममामा आले. हे अव्वाचे मावसभाऊ, कुंभारीला राहायचे. जळकं ऑइल त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. बैलगाडीच्या आखाला लावायचे, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायचे. तेव्हा असंच चालायचं. आता आम्ही ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे देतो. नेहमी ते स्वतःचा कॅन आणायचे. त्या दिवशी रिकाम्या हातानं आले, डबा बघितला आणि खूश झाले. "ह्योच नेतो की, नंदे. भारी केलाईस." माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांनी भोकात चिंधी कोंबली आणि डबा सायकलच्या कॅरिअरला काथ्यानं बांधायला घेतला. मी जवळ गेले. "मामा, गार होऊ दे की जरा," म्हणाले. ते म्हणाले, "वाटंत हुतंय गार." मी काथ्याचं एक टोक धरून उभी राहिले. मामांना वाटलं मी बांधायला मदत करतेय.

"सिद्रामप्पा, सोडा ती दोरी," अप्पा खुर्चीतून म्हणाले.

मामा थांबले. अप्पा माझ्याकडं बघत होते, रागानं नाही, गाडीचा आवाज ऐकताना बघायचे तसे. "नट पडला म्हनलीस. डब्यात तर हात घाटला न्हाईस. मग बशिवलास त्यो कुटला?"

मी काथ्याचं टोक सोडून दिलं.

"आन त्यो तांब्या सकाळधरनं भरल्याला तसाच हाय. काय पडलंय त्यात, नंदे?"

"लिंग," मी म्हणाले, आणि मग मला आवरलं नाही. अठरा वर्षांची घोडी, भावाची पँट-शर्ट घालून उभी, आणि ढसाढसा रडतेय. मामा पुटपुटले, शिव शिव. मग म्हणाले, आता मठातल्या स्वामींना इचारायला लागंल. अप्पा म्हणाले, "इचारू की. आदी काडू तर खरं."

अव्वा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळून आत गेली आणि मला वाटलं, संपलं. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत तिच्या माहेरची मोठी पितळी परात होती. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली की पंचवीस पानांची त्या परातीत मावायची. एरवी ती माळ्यावर पालथी असायची, आम्हांला हात लावायची बंदी. अव्वानं ती फरशीवर ठेवली, पदर खोचला आणि मामांना म्हणाली, "इद्राग हाक. ह्यात वत."

मामा म्हणाले, "अक्का, ही परात?"

"वत म्हनलं ना."

डबा सोडला, बूच काढलं, काळं ऑइल परातीत आलं. मग छिन्नीनं मामांनी डब्याची वरची बाजू उभी फाडली आणि उरलंसुरलं परातीत उलटं केलं. खळकन काही वाजलं नाही, ऑइल दाट होतं. त्या गडबडीत परातीच्या काठावरून फरशीवर चांगला ओंजळभर सांडलं, पसरलं, माझ्या पायापर्यंत आलं. मी पुढं वाकले तर अव्वानं कोपरानं मला मागं सारलं आणि स्वतःचा हात हिरव्या काकणांसकट ऑइलमध्ये घातला. तांदळातले खडे शोधावेत तशी ती बोटं फिरवत होती, हळू, एका कडेपासून दुसरीकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काळा असल्यामुळं तिला ते पुसता येत नव्हतं. मी माझ्या बाहीनं पुसलं. मग तिची मूठ बंद झाली.

रिठ्याच्या पाण्यानं धुतलं, शिकेकाईनं धुतलं, राखेनं धुतलं. करडगी उघडून आतलं लिंग अव्वानं आपल्या पदरानं कोरडं केलं. नवा शिवदारा पिळला. अप्पांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून ते खुर्चीत बसले आणि मी त्यांच्यासमोर पाटावर. डाव्या तळहातावर लिंग घेऊन मी पूजा केली, ते सांगतील तशी. शेवटी त्यांनी दोरा गळ्यात बांधला. मी म्हणाले, "अप्पा, मी खोटं बोलले." ते म्हणाले, "खोटं बोललीस ते वाईट केलंस. पडलं ते काम करताना पडलं, त्याचं काय न्हाय." मग मी तांब्या उचलला आणि सगळा एका दमात प्यायले, ठसका लागेपर्यंत. अव्वा परातीशी बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दोरा गळ्याबरोबर पायजे. आन वर उपरनं बांदत जा, हे बांदतात तसं." बांधत जा, असं म्हणाली ती. पुढं ती परात ऑइलचीच झाली, कारण दुसरं काही करायच्या लायकीची ती राहिली नव्हती. खरं सांगायचं तर ऑइल काढायला तिच्याएवढं चांगलं भांडं मला परत मिळालं नाही. उथळ, रुंद, जड, दोघींनी दोन कडा धरल्या की हलकी.

पण फरशीवर डाग पडला होता, हे मला दिसत होतं आणि अप्पांनाही दिसत होतं. एक थेंब पडता कामा नये म्हणाले होते, इथं परातीएवढा डाग. मी माती टाकली, बारदान घासलं. तो फिकटसुद्धा झाला नाही.

चारच्या सुमाराला केमचे नामदेवतात्या आले, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. माणूस सरळ होता, मी त्याला वाईट म्हणणार नाही. त्यांनी डाग ओलांडून गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबले, बॉनेट उघडून दांडी काढली, बोटावर ऑइल घेऊन चोळलं. "लई झाक हाय की ऑइल. कुटल्या गॅरेजला टाकलं?"

अप्पांना एखाद्या गॅरेजचं नाव घेता आलं असतं. "पोरीनं बदललंय," ते म्हणाले. "एकटीनं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अजून दादाच्या पँटमध्येच होते. ते हसले, वाईट नाही, आपले हसले. "मग आसं करू. गाडी मी नेतो, सौदा पक्का. पर नेल्या नेल्या खालचा नट खोलून परत बसवून घितो. पोरीच्या जातीचा हात, ढिला ऱ्हायला आसंल तर वाटंतच इंजिन बसायचं."

"नट घट्ट हाय. म्या सोता बगितलाय," अप्पा म्हणाले.

अप्पांना वाकता येत नव्हतं. चेंबरचा नट गेल्या दोन महिन्यांत त्यांनी बघितलेला नव्हता.

"तुमी म्हनताय तर आसंल घट्ट," तात्या म्हणाले. "तरीबी खोलून बगावं म्हनतो. जोखीम कोन घेनार?"

अप्पांनी त्यांच्या हातातून दांडी घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली, जागेवर घातली आणि बॉनेट बंद केलं. दोन हातांनी दाबून नीट बंद केलं. "मग ऱ्हाऊ द्या, तात्या. गाडी द्यायची न्हाय."

"आता ओ? राग आला व्हय?"

"न्हाय, न्हाय. चा घ्या तुमी."

तात्यांनी चहा घेतला, दोन कडक भाकरी आणि चटणीची पुडी अव्वानं बांधून दिली, आणि ते संध्याकाळच्या रेल्वेनं केमला गेले. पुढं काय, ते मी विचारलं नाही. विचारलं तर मोडेल, असं वाटत होतं.

ऊन उतरल्यावर अप्पा आतून उशी घेऊन आले. जीपला वळसा घालून ते डाव्या बाजूला गेले. सीटांची जागा ती; गाडी घेतल्यापासून ते तिथं कधी बसलेले मी बघितले नव्हते. एका हातानं टपाची दांडी धरून, पाय उचलून, सावकाश वर चढले आणि उशी कमरेमागं घातली. मी डागाशी उभी होते. "चल की," ते म्हणाले. मी उजवीकडं चढले. पाय क्लचला पुरत होते, एवढंच मला ठाऊक होतं. किल्ली फिरवली, गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडीनं असा हिसका दिला की अप्पा कळवळले. गाडी बंद पडली. मी घाबरून म्हणाले, अप्पा, राहू दे, तुमची कंबर. ते समोर होटगी रस्त्याकडं बघत होते. त्या संध्याकाळी गाडी सात-आठ वेळा तशीच बंद पडली असेल. दर वेळी हिसका बसला की ते दात आवळायचे, उशी परत नीट करायचे आणि म्हणायचे, "परत लाव."